तळटीप : ‘खिदमतमाश’

१२. खिदमतमाश : देऊळ, दर्गा वा मशिदीच्या सेवेसाठी दिलेली इनाम जमीन. मूळ लेखकाने हा शब्द मराठीच मानला आहे, आणि त्यात वावगे काही नाही. काळभैरवनाथाचे सोनारी (ता. परंडा) निजामी मुलखातले, मराठी, तेलुगू, कानडी प्रजेच्या त्या १६ जिल्ह्यांचा कारभार उर्दूतून चाले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली, १९५६ मध्ये संस्थानाची भाषावार तीन राज्यांत वाटणी झाली. दप्तर मात्र जुनेच राहिले. इनामाच्या तंट्यात अजून मुंतखब (हक्काचा सरकारी दाखला) पुढे येतो, फसली सनासकट. त्या सनात सुमारे ५९० मिळवावेत म्हणजे इसवी सन येतो. पृष्ठावरील १३५८ म्हणजे १९४८-४९.