झेपेलिनची मुंबईतली टेप: मार्च की ऑक्टोबर?

लेड झेपेलिन म्हटलं की 'स्टेअरवे' आणि 'कश्मीर', एवढंच बहुतेकांना आठवतं. तुम्ही 1970चा तिसरा अल्बम लावा. दुसरी बाजू जवळपास पूर्ण ॲकूस्टिक आहे. त्यातली काही गाणी वेल्समधल्या ज्या घरात आकाराला आली, तिथे वीजच नव्हती.

पहिल्या बाजूवरचं 'फ्रेंड्स' मात्र नीट ऐका. गिटार नेहमीसारखी लावलेली नाही: सी-ए-सी-जी-सी-ई. सहापैकी तीन तारा एकाच स्वरात, त्यामुळे मागे तंबोऱ्यासारखी आस घुमत राहते. पेज आणि प्लांट यांनी 1972मध्ये हेच गाणं मुंबईतल्या ईएमआय स्टुडिओत इथल्या वादकांना घेऊन पुन्हा केलं, सोबत 'फोर स्टिक्स'ही. ड्रम्सच्या जागी तबला. अधिकृतपणे ते बाहेर आलं थेट 2015मध्ये, 'कोडा'च्या नव्या आवृत्तीत. तोवर चोरट्या टेपाच फिरत होत्या.

आता गंमत बघा. जुन्या लेखनात तारीख मिळते मार्च 1972, अधिकृत आवृत्तीत ऑक्टोबर. दोन्ही पटण्यासारख्या! फेब्रुवारीअखेर त्यांचा ऑस्ट्रेलियाचा दौरा संपला, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जपानचा. दोन्ही वेळा घरी परतताना मुंबई वाटेतच.

सहा-सात महिन्यांनी काय बिघडतं, असं वाटेल. तुमचा प्रश्न काय आहे, त्यावर ते ठरतं. 'द रेन साँग' घ्या: प्रेमाचे टप्पे ऋतूंमधून सांगणारं, साडेसात मिनिटांचं, संथ, तेही वेगळ्या जुळणीतल्या गिटारवर. (आपल्याकडे पाऊस हाच एक ऋतू. पनवेलला जूनमध्ये ऐकलं तर त्यांचा पाऊस फारच सभ्य वाटतो.) ते रेकॉर्ड झालं 1972च्या मध्यात. मुंबईची टेप मार्चची असेल, तर त्या सत्राचा प्रभाव या गाण्यावर शोधणं निदान शक्य तरी आहे. ऑक्टोबरची असेल तर तो मुद्दा तिथेच निकालात.

मला ऑक्टोबर जास्त भरवशाचा वाटतो, कारण ज्यांच्याकडे मूळ टेप होती त्यांनीच तो छापलाय. चोरट्या टेपेवरची तारीख कोणीतरी नंतर लिहिलेली असू शकते, आणि पुढचे लेखक एकमेकांची उचलत गेले तर दहा उल्लेखही मोजायचे एकच.

याउलट जुळणी तीच ठेवून ताल बदलला की गाण्याचं काय होतं, एवढंच विचारायचं असेल तर महिन्याने फरक पडत नाही. 1970, 1972 आणि पेज-प्लांटच्या 1994च्या 'नो क्वार्टर'मधलं, अशी तीन 'फ्रेंड्स' ओळीने लावा. हेडफोन चांगला घ्या.