एडीएचडी: आहार आणि व्यायामाची सवय टिकवायची कशी?

“डॉक्टर, काय खावं, किती चालावं हे सगळं माहीत आहे. चार दिवस जमतं, मग बंद पडतं.” एडीएचडी असलेल्या प्रौढांची ही नेहमीची तक्रार. घरचे याला आळस म्हणतात आणि हळूहळू रुग्णालाही तेच खरे वाटू लागते. प्रत्यक्षात कारण वेगळे असते.

सवय का मोडते?

एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी संबंधित विकार आहे. लक्ष टिकत नाही, चंचलता व उतावळेपणा जास्त असतो. लहानपणी सुरू होणारा हा त्रास अनेकांना मोठेपणीही राहतो. नियोजन करणे, वेळेचा अंदाज घेणे आणि मोह आवरणे त्यांना जड जाते.

वर्ध्याहून नागपूरला रोज अप-डाऊन करणाऱ्या तरुणाचे उदाहरण घ्या. सकाळी किल्ल्या शोधण्यात नाश्ता राहतो. कामाच्या नादात दुपारचा डबा तसाच राहतो. संध्याकाळी स्टेशनवर कडकडून भूक लागते आणि दोन-तीन आलूबोंडे पोटात जातात. इथे इच्छाशक्तीपेक्षा आठवणीची आणि तयारीची अडचण मोठी आहे. म्हणून उपायही तिथेच करायचा.

आहारासाठी काय करावे?

- जेवणाच्या वेळेचा मोबाइलवर गजर लावा. भूक लागण्याची वाट पाहू नका.
- फुटाणे, शेंगदाणे, केळी किंवा संत्री बॅगेत आणि डोळ्यांसमोर ठेवा. फरसाणाचा डबा नजरेआड ठेवा.
- नाश्त्याचे दोनच पदार्थ ठरवा. रोज नवा निर्णय घ्यावा लागला की नाश्ता टळतो.
- थकलेल्या दिवसासाठी सोपे जेवण ठरवून ठेवा: वरण-भात, किंवा भाकरी, दही आणि उकडलेले अंडे.

साखरेमुळे एडीएचडी होतो हा गैरसमज आहे. तरीही गोड आणि तळलेले पदार्थ मर्यादित ठेवणे सर्वांच्याच हिताचे.

औषध सुरू असेल तर

मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन या औषधांनी भूक कमी होऊ शकते. सकाळचा डोस असेल तर पोटभर नाश्त्यानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. मुलांचे वजन व उंची नियमित तपासून घ्या. औषध स्वतःहून बंद करू नका.

व्यायाम कसा टिकवावा?

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. शाळकरी मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे. सुरुवात १० मिनिटांनी केली तरी चालेल. व्यायामाने लक्ष, मनःस्थिती आणि झोप सुधारण्यास मदत होते, पण तो औषधाला पर्याय नाही.

- सोबती ठरवा. कोणी दारात येऊन थांबले की बाहेर पडणे सोपे जाते.
- बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा.
- आवडेल तेच करा: सायकल, कबड्डी, नाच. कंटाळा आला तर प्रकार बदला. वेळ तीच ठेवा.
- वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी लवकर चाला. पावसाळ्यात घरात सूर्यनमस्कार घाला.

खंड पडला तर?

खंड पडणारच, हे आधीच गृहीत धरा. चुकलेल्या दिवसांची भरपाई करू नका. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटे चाला, एवढेच पुरे. घरच्यांनीही “पुन्हा सोडलंस ना?” असे न म्हणता “चल, मी येतो सोबत” म्हणावे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

वजन झपाट्याने कमी होणे, छातीत धडधड, ताबा सुटल्यासारखे खाणे, झोप न लागणे किंवा सततची उदासी असेल तर थांबू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.