आधी कोरणी, मग पाणी : १८५३ च्या बंदुकीतला एक मूक पुरावा

१/ हिंगोली हे निजामाच्या राज्यातील ‘हैदराबाद कंटिन्जंट’ या फौजेचे एक छावणीठाणे होते. या फौजेच्या खर्चापोटी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्याच वर्षाचे नाव एका बंदुकीलाही मिळाले : एन्फिल्ड, पॅटर्न १८५३. हिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला.

२/ काडतुसांची कथा सर्वांना ठाऊक आहे. येथे पाहायची आहे ती बाजूची लॉकप्लेट, म्हणजे जिच्यावर बंदुकीचा घोडा बसतो ती लोखंडी पट्टी. तिच्यावर मुकुट, वर्ष आणि अक्षरे असतात. ती केव्हा उमटवली, यात इतिहासाचा एक पुरावा दडलेला आहे.

३/ वापराने पट्टी झिजू नये म्हणून तिला कठीण केले जाई. हाडांचा व लाकडाचा कोळसा भरलेल्या लोखंडी पेटीत ती लालबुंद होईपर्यंत तापवत. कोळशातील कार्बन पृष्ठभागात मुरे. मग ती एकदम पाण्यात सोडत. आपला लोहार यालाच ‘पाणी देणे’ म्हणतो. वरचा पातळ थर कठीण, गाभा मात्र चिवट; शिवाय निळ्या-तपकिरी ढगांसारखी छटा.

४/ अशा थरावर कानसही घसरते, मग छिन्नीचे काय चालणार? म्हणून क्रम ठरलेला : आधी ठसे व कोरणी, शेवटी पाणी. निजामाच्याच राज्यातील बिदरचे कारागीरही आधी कोरीत, त्यात चांदी बसवीत आणि काळा रंग शेवटी आणीत.

५/ आज या बंदुकीच्या प्रतिकृती तयार होतात. कठीण केलेल्या प्रतिकृतीवर हाताने कोरायचे, तर क्रम उलटा फिरवावा लागतो. भाग सुटे करून तापवायचे, राखेत सावकाश निववायचे, घासून गुळगुळीत करायचे, नक्षी आखून कोरायची आणि पुन्हा पाणी द्यायचे. या शेवटच्या पायरीवर पट्टी वाकण्याचा धोका असतो. मूळ छटा तर पहिल्याच आचेत जाते.

६/ प्रतिकृतीत हे क्षम्य आहे. अस्सल जुन्या बंदुकीत नाही. तिला पुन्हा तापवणे म्हणजे दस्तऐवजावरची शाई धुऊन टाकणे. एकदा गेलेला थर परत आणता येतो, पण तो १८५३ च्या काळातील कारागिराचा नसतो.

७/ म्हणून संग्रहालयात लॉकप्लेट पाहताना तिच्या खाचा पाहाव्यात. भोवती जुनी छटा टिकलेली आणि खाच मात्र आतून चकचकीत असेल, तर ती कोरणी मागाहूनची असण्याचा दाट संशय घ्यावा. छटाच नसेल, तर घाई नको. वापराने व घासण्याने अस्सल वस्तूचीही ती उडते.

८/ कागद खोटा लिहिता येतो. कामाचा क्रम लपवणे त्याहून अवघड असते.