सिमला ऑफिस नावाचा थांबा

कॉलेजची तीन वर्षं मी शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'च्या थांब्यावर उतरत होतो. पुण्यात सिमला कुठून आलं, हा प्रश्न एकदाही पडला नाही. मग एका जूनमध्ये पाऊस लांबला, बातम्यांमध्ये 'एल निनो' सुरू झालं आणि गावाहून आजीचा फोन आला. "हे एलनिनो काय असतं रे? बहात्तरला आम्हाला कुणी असलं काही सांगितलं नव्हतं."

आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. अमेरिकेतून आलेली लाल मिलो खाऊन दिवस काढलेली ती बाई. तिला उत्तर द्यायचं म्हणून वाचायला बसलो आणि फिरून त्याच बसथांब्यावर येऊन पोचलो.

गोष्ट सुरू होते १८७६ मध्ये. त्या वर्षी दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत पिकं जळाली. दक्षिणेत मद्रास आणि म्हैसूरकडे तर त्याहून भयंकर अवस्था झाली. दोन वर्षांत ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली, असा अंदाज आहे. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही पाऊस नव्हता. तिथेही माणसं गावं सोडून चालत सुटली होती. या तिन्ही ठिकाणच्या लोकांना एकमेकांची खबर असणं शक्यच नव्हतं.

भारताचा हवामान विभाग तेव्हा जेमतेम वर्षभराचा होता. १८७५ साली तो स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. पाऊस का गेला, हा सवाल आता सरकारी टेबलावर आला. ब्लॅनफर्डनी हिमालयातल्या बर्फाकडे बोट दाखवलं: बर्फ जास्त पडलं की पुढचा मान्सून कमजोर. १८८६ पासून या आधारावर पावसाचे अंदाज निघू लागले. पण १८९९ साली चांगल्या पावसाचं भाकीत झालं आणि पडला तो भीषण दुष्काळ. खातं तोंडावर आपटलं.

१९०४ मध्ये सिमल्याच्या कचेरीत गिल्बर्ट वॉकर येऊन बसले. हे केंब्रिजचे गणिती. बूमरँग परत कसा येतो यावर अभ्यास केलेला, बासरीचा नाद, आणि हवामानाचा अनुभव शून्य. (रामानुजनला मद्रास विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून १९१३ मध्ये पत्र लिहिणारे ते हेच.) वॉकरनी कुठलाही सिद्धांत मांडला नाही. जगभरच्या वेधशाळांचे हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे मागवले. कॉम्प्युटर नव्हता. भारतीय कारकुनांनी वर्षानुवर्षं हाताने गणितं केली: या ठिकाणचा आकडा वाढला, तर त्या ठिकाणचा काय होतो?

त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलट. बागेतल्या सी-सॉसारखं. १९२०च्या दशकात वॉकरनी त्याला 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. हे असं का होतं, ते मात्र त्यांना सांगता आलं नाही. त्यामुळे अनेकांना ती आकड्यांची गंमत वाटली.

कारण सापडायला १९६९ उजाडलं. याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवलं, की सी-सॉच्या खाली समुद्र आहे. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधला पट्टा, म्हणजे उष्ण कटिबंध, सूर्याची सर्वांत जास्त उष्णता घेतो आणि वारे व समुद्रप्रवाह ती उरलेल्या पृथ्वीला वाटतात. पॅसिफिकमध्ये एरवी पूर्वेचे वारे तापलेलं पाणी इंडोनेशियाकडे ढकलतात. तिथे हवा वर चढते, ढग बनतात. पेरूच्या किनाऱ्यावर खालून गार पाणी वर येतं. काही वर्षी हे वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे सरकतं आणि ढगांचा कारखानाच जागा बदलतो. पेरूचे कोळी नाताळच्या सुमाराला येणाऱ्या या गरम पाण्याला आधीपासून ओळखत होते. त्यांनी त्याला बाळ येशूचं नाव दिलं होतं: एल निनो. वाऱ्यांच्या त्या चक्राला ब्यर्कनेसनी नाव दिलं 'वॉकर सर्क्युलेशन'. वॉकर तोवर हयात नव्हते.

म्हणजे १८७७ मध्ये सोलापूर, उत्तर चीन आणि ब्राझील यांना जोडणारा धागा खरोखर होता. १९७२ मध्येही तोच होता. त्या वर्षी पेरूची मासेमारी कोसळली आणि महाराष्ट्रात विहिरी आटल्या. १९९७ साली मात्र जबरदस्त एल निनो असूनही आपला पाऊस सरासरीइतका झाला. धागा आहे, पण तो दरवेळी ताणला जाईलच असं नाही.

पण हे वाचताना मला दुसरंच काही टोचत राहिलं. १८७७ मध्ये रेल्वे होती, बाजारात धान्यही होतं, आणि त्यातलं बरंच बंदराकडे जात होतं. सरकारचा प्रतिनिधी रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याइतकी मजुरी पुरे, असं ठरवलं. म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि तेवढ्यावर दिवसभर अंगमेहनत. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून याचा निषेध केला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला पत्रांमागून पत्रं पाठवली. पाऊस समुद्राने अडवला, धान्य समुद्राने अडवलं नव्हतं. आणि बहात्तरला? १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. हाल प्रचंड झाले, पण १८७७ सारखी माणसं मेली नाहीत.

आणि तो थांबा? १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण पुणेकरांनी नाव सोडलं नाही.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. पेरू, पॅसिफिक, वॉकर. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, "तेव्हा आधीच कळलं असतं तर?"

"कळून काय केलं असतं?" ती म्हणाली. "रस्त्याचं काम निघालं, म्हणून जगलो." आणि मग, "यंदा काय म्हणतायत तुझ्या त्या ऑफिसातले?"