रँग्लर, ६१७४ आणि इंझोरी

१९९६ च्या जुलैत मुंबईत आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड भरलं होतं. जगभरातून शाळकरी मुलं आली होती. दोन दिवस, रोज साडेचार तास, रोज तीन गणितं. बस्स, सहाच. प्रत्येकाला सात गुण.

त्याच वर्षी माझा जन्म झाला. आमचं गाव इंझोरी, तालुका मानोरा. आज जिल्हा वाशीम, पण तेव्हा अकोला, कारण वाशीम जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. मुंबईतल्या त्या परीक्षेची बातमी माझ्यापर्यंत पोचायला वीसेक वर्षं लागली. तोवर मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो आणि अशा स्पर्धेत बसायचं वय निघून गेलं होतं.

दहावीला मला गणितात जवळपास पैकीच्या पैकी मार्क होते. गावात माझी ओळख 'गणितवाला पोरगा' अशी होती. मग एका रात्री रूम पार्टनरने मुंबईच्या त्या पेपरातलं चौथं गणित दाखवलं. ते असं होतं: अ आणि ब या दोन धन पूर्णांक संख्या आहेत. १५अ + १६ब आणि १६अ − १५ब या दोन्ही धन पूर्णांकांचे वर्ग आहेत. या दोन वर्गांपैकी जो लहान, त्याची कमीत कमी किंमत किती असू शकेल?

बघा, यात नववीच्या पोराला कळणार नाही असा एक शब्द नाही. तरी मी दोन तास वहीकडे बघत बसलो. मला एकही सूत्र लावता येईना, कारण सूत्र लावायचं गणितच नव्हतं ते.

शेवटी लॅपटॉप उघडला आणि एकात एक अशी दोन लूप लिहिली. उत्तर आलं: अ = १४,९११, ब = ४८१. दोन्ही वर्ग सारखेच, २,३१,३६१, म्हणजे ४८१ चा वर्ग. मी खूश. पार्टनर म्हणाला, "लूप कुठपर्यंत चालवली?" मी म्हटलं, "पंधरा हजारापर्यंत." तो म्हणाला, "मग सोळा हजारावर याहून लहान वर्ग मिळणार नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, कारण नव्हतं.

कारण नंतर कळलं. १५ चा वर्ग अधिक १६ चा वर्ग म्हणजे ४८१, आणि ४८१ म्हणजे १३ गुणिले ३७. दोन समीकरणांतून आधी ब आणि मग अ काढून टाकला, की दिसतं की दोन्ही वर्गांच्या मुळांना १३ नेही भाग जायलाच हवा आणि ३७ नेही. म्हणजे मूळ ४८१ पेक्षा लहान असूच शकत नाही. लूप नको, लॅपटॉप नको.

त्या रात्रीपासून मला एक प्रश्न पडलाय. आपल्या मराठी मुलखात अवघड गणिताचं एवढं कौतुक आहे, मग ते गणित मला वेळेवर भेटलं का नाही?

कौतुक खरंच जुनं आहे. 'रँग्लर परांजपे' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. 'रँग्लर' हे त्यांचं नाव नव्हे, आडनावही नव्हे, तो परीक्षेचा निकाल आहे. केंब्रिज विद्यापीठात 'ट्रायपॉस' नावाची गणिताची परीक्षा असे. तिच्यात पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर आणि सगळ्यांत पहिला तो सीनियर रँग्लर. दापोलीजवळच्या मुर्डी गावात १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. जॉर्ज बर्टविसल या इंग्रज विद्यार्थ्याबरोबर पहिला क्रमांक त्यांना विभागून मिळाला. परत येऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. (चित्रपट दिग्दर्शक सई परांजपे या त्यांच्या नात.) पुढे महाजनी रँग्लर झाले, विष्णु वासुदेव नारळीकर झाले, त्यांचे चिरंजीव जयंत नारळीकरही झाले. आपण ती पदवी नावाच्या पुढे लावून ठेवली.

पण त्या ट्रायपॉसचं दुसरं अंग आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. त्या परीक्षेसाठी केंब्रिजमध्ये खासगी शिकवण्या जोरात चालत. एडवर्ड राउथ नावाच्या एका शिक्षकाच्या हाताखालून दोन डझनांहून जास्त सीनियर रँग्लर बाहेर पडले. म्हणजे लातूर, कोटा वगैरे एकोणिसाव्या शतकातच होऊन गेलं होतं! आणि पहिला नंबर म्हणजे सगळ्यांत मोठा गणिती असंही नव्हतं. जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुसरा आला होता, हार्डी चौथा. ऑनर्सच्या यादीत शेवटचा येणाऱ्याला पोरं चक्क लाकडी चमचा द्यायची. ही शर्यत गणिताचं नुकसान करते, असं हार्डीसारख्यांचं मत होतं. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमांक जाहीर करणंच बंद केलं. तिकडे नंबर गेला, इकडे आपल्याकडे बिरूद राहिलं.

परांजप्यांच्या नावाचा एक धागा मात्र वेगळीकडे जातो, आणि मला तो जास्त जवळचा वाटतो. फर्ग्युसनमध्ये त्यांच्या नावाने गणिताचं एक पारितोषिक होतं. १९२७ साली ते मिळालं डहाणूत जन्मलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला. कापरेकर ना केंब्रिजला गेले, ना त्यांनी पदव्युत्तर शिक्षण घेतलं. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत मांडली. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे मोठ्या जगाला देवळालीचे हे मास्तर कळले.

गंमत तुम्ही आत्ता मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघू शकता. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्या संख्येला पुन्हा तेच. परांजप्यांचं १८९९ घेऊ. ९९८१ − १८९९ = ८०८२. मग ८८२० − ०२८८ = ८५३२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तुम्ही तिथे पोचता.

यावर लूप लिहायची झाली तर ८,९९१ संख्या तपासाव्या लागतील. पण जरा थांबून बघितलं तर वजाबाकी दोनच गोष्टींवर ठरते: सगळ्यांत मोठ्या आणि लहान अंकातला फरक, आणि मधल्या दोन अंकांतला फरक. पहिल्या फरकाची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट. अशा जोड्या फक्त ५४ होतात. चोपन्न! एका संध्याकाळी वहीत मावतात. ऑलिंपियाडमध्ये नेमकी हीच नजर तपासतात, आणि ती देवळालीतल्या मास्तरांकडे होती.

पुढे संस्थाही उभ्या राहिल्या. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. १९८९ पासून भारताचा संघ आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडला जाऊ लागला. निवडीचं काम आज मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे आहे. २०२४ साली इंग्लंडमध्ये बाथ इथे भारताने चार सुवर्णपदकं घेऊन चौथा क्रमांक मिळवला. संघातल्या सहा जणांत पुण्या-मुंबईची मुलं होती. त्यांचा अभिमान वाटतोच. पण इंझोरीतल्या किती पोरांना अशी परीक्षा असते हेच माहीत नसेल, हाही विचार येतो. मला माहीत असतं तर मी निवडला गेलो असतो, असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेक पहिल्याच फेरीत पडलो असतो. पण पंधराव्या वर्षी पडलो असतो तर एवढं नक्की कळलं असतं, की गणितात मार्क असणं आणि गणित येणं या दोन गोष्टी आहेत. ते कळायला मला लॅपटॉप विकत घ्यावा लागला.

माझी मामेबहीण गावी आठवीत आहे. गेल्या दिवाळीत तिला ६१७४ करून दाखवलं. तिने पाच-सहा संख्या करून पाहिल्या, हसली आणि विचारलं, "दादा, हे पेपरात येते काय?"

मी म्हटलं, "नाही येत."

"मग कायले करायचं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी पुण्याला परत आलो, ऑफिस सुरू झालं, विषय मागे पडला. तीन आठवड्यांनी तिच्या आईच्या मोबाईलवरून वहीच्या पानाचा फोटो आला. तिने चारऐवजी तीन अंक घेतले होते. पानावर ओळीने नऊ वजाबाक्या होत्या, ०९९ पासून ८९१ पर्यंत, आणि प्रत्येकीच्या शेवटी गोल केलेलं ४९५. खाली लिहिलं होतं: 'दादा, नऊच निघतात. दहावी नाही.'

हे मी तिला सांगितलं नव्हतं. लूप कुठे थांबवायची, हे तिला कळलं होतं. या वर्षी ऑलिंपियाडच्या पहिल्या फेरीचा फॉर्म कधी निघतो, यावर आता माझं लक्ष आहे.