दोन हात आणि लीलावती

मागच्या शनिवारी आम्ही काही मित्र वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेलो, शाळेचा एक वर्ग रंगवायचा म्हणून. वर्गणी मोजकीच, म्हणून आधी टेप काढली. खोली २० बाय १५, उंची १० फूट. चार भिंती ७०० चौरस फूट, दार-खिडक्यांचे ६० वजा, उरले ६४०. पेंटरकाका म्हणाले, "दोन हात मारावे लागतील." म्हणजे १२८०! आम्ही रंग धरला होता निम्माच.

'हात' ऐकून लीलावती आठवली. ११५० साली भास्कराचार्यांनी त्यात मापं दिली: २४ अंगुळं म्हणजे एक हात. आयताचं क्षेत्रफळही त्यातच. पुढे १२०७ च्या सुमारास नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. म्हणजे शाळाच की!

गणित साडेआठशे वर्षं जुनं. दुसरा हात विसरणारे आम्ही इंजिनियर मात्र आजचे!