कवी नारायण वामन टिळक यांचे दोन त्याग

घर सोडावे लागणे आणि घर आपण होऊन सोडणे यांतील अंतर मुळशी खोऱ्यातील ज्ञातिबांधवांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. टाटांच्या धरणाखाली गावे जाणार म्हणून १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, या खोऱ्यात सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी तो नेटाने लढविला. तथापि अखेर घरे व शेते पाण्याखाली गेलीच. त्या लोकांपुढे दुसरा मार्ग नव्हता. ज्यास कोणीही हुसकावून लावले नव्हते, अशा आपल्याच ज्ञातीतील एका पुरुषाने मात्र दोनदा बसलेली घडी मोडली. त्यांचे स्मरण आपल्या स्मरणिकांतून क्वचितच होते, म्हणून आम्ही येथे करीत आहोत.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिकास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. कविता व वक्तृत्व यांमुळे त्यांचे नाव होऊ लागले होते. पैशाने ते सुखवस्तू नव्हते, हे खरे. नोकरी टिकत नसे, बिऱ्हाड स्थिरावत नसे. परंतु पंक्तीतील पान, विद्वानांच्या सभेतील आसन आणि सासर-माहेरचा गोतावळा ही त्या काळच्या ब्राह्मणाची खरी मिळकत होती, आणि तिच्यापुढे रोकड ती काय! आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो वाचून त्यांच्या मनात जे सुरू झाले, त्याची परिणती १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेण्यात झाली. ती मिळकत त्या एका दिवसात बुडाली.

या त्यागाचे मोल एकट्या टिळकांनी भरले नाही, हे लिहिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. नवरा जिवंत असून घर नाही, अशी त्यांची अवस्था झाली. चार-पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या अहमदनगरास पतीजवळ आल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नाही. पुढे जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्याच मनाशी सोडविला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हा सारा काळ आला आहे. त्यात पतीची थोरवी आहे आणि त्यांचा विक्षिप्तपणाही आहे; रडविणाऱ्या प्रसंगीसुद्धा बाई हसू विसरत नाहीत. धर्मांतराविषयी वाचकाचे मत काहीही असो, हा ग्रंथ प्रत्येक घरी असावा.

दुसरा त्याग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही, आणि आमच्या मते तोच अधिक अवघड होता. अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांना वेतन होते, मान होता. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मंडळ्यांतून त्यांची पदे गाइली जात. बालकवी ठोमऱ्यांसारखा तरुण कवी काही काळ त्यांच्या घरी राहून गेला. म्हणजे एक घर गेले, तर दुसरे उभे राहिले होते. परंतु परदेशी पोशाख चढविलेला ख्रिस्त या देशाच्या हृदयात शिरणार नाही, हा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. भजन, कीर्तन आणि अभंग ही आपली वडिलार्जित साधने त्यांनी टाकली नाहीत. उलट ती नव्या उपासनेत नेली. मिशनच्या पगारावर राहून हे कार्य पुरे होणार नाही, असे ठरवून १९१७ साली त्यांनी मिशनचा संबंध सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांसही तेथे स्थान असावे, अशी त्यांची योजना होती. मिशनमधील अनेकांस ती मानवणे कठीणच होते. आपल्या ज्ञातीने तर त्यांस बावीस वर्षांपूर्वीच गमावलेल्यांत जमा केले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पहिल्या वेळी निघताना पुढे आधार आहे, अशी आशा तरी असते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी टिळक निघाले, तेव्हा आधार मागे ठेवूनच निघाले. पंडिता रमाबाई आणि नीलकंठशास्त्री गोरे हे आपल्याच ज्ञातीतून ख्रिस्ताकडे गेले. त्यांचीही कथा मोठी आहे. परंतु ती स्वतंत्र लेखाची होय.

दरबारास फार दिवस लाभले नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. ख्रिस्तचरित्रावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ते पुढे लिहावयास घेतले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते.